आमच्या घरातली आगबोट

वाशीमला समुद्र नाही. बालाजीचे देऊळ आहे, पद्मतीर्थ आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, असे आम्ही शाळामास्तर पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो आहोत. पण समुद्र नाही. मुंबई गाठायची म्हटले तर पाचशेहून अधिक किलोमीटर तुडवावे लागतात. असे असताना २०२३ च्या दिवाळीपासून पुढल्या वैशाखापर्यंत आमच्या घरात एक आगबोट चालत होती, असे सांगितले तर वाचक मला वेड्यात काढतील. काढोत बापडे. आगबोट हा शब्द माझा नव्हे. तो आमच्या मेहुण्यांचा, आणि त्यांनी आयुष्याची तीसेक वर्षे खऱ्या आगबोटींच्या पोटात, इंजिनांच्या संगतीत घालवली आहेत.

प्रकार असा झाला. आमचे घर एकमजली. स्लॅबवर तीन फुटी कट्टा, कट्ट्यावर हजार लिटरची काळी टाकी. एकबुर्जी धरणाचे पाणी ज्या दिवशी नळाला येईल त्या दिवशी ते अंगणातल्या टाक्यात साठवायचे, मोटारीने वर चढवायचे आणि पुन्हा पाण्याचा दिवस उजाडेपर्यंत पुरवून पुरवून वापरायचे, हा इथला नित्यक्रम. उन्हाळ्यात तर पाहुण्याला 'प्रकृती कशी आहे?' असे विचारण्याआधी 'तुमच्याकडे नळ कधी आले होते?' असे विचारतात.

वर चढलेले पाणी खाली येते ते केवळ आपल्या वजनाने. आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर सांगतात की, पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा कुठे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. आमच्या टाकीतल्या पाण्यापासून न्हाणीघरातल्या शॉवरपर्यंतचे अंतर आठ फूट. म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. त्यामुळे तो शॉवर पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखा थेंबथेंब गळे. आम्ही सगळे तांब्या-बादलीवाले, आमची काही तक्रार नव्हती. पण त्या दिवाळीत सौ.ने आपण होऊन चालणारे वॉशिंग मशीन घेतले आणि त्या यंत्राने आमच्या नळाचे पाणी पाहताच काम करण्याचे साफ नाकारले. त्याचा तांबडा दिवा लागे, ते दोनतीनदा कण्हे आणि गप्प बसे.

"याला दाब पाहिजे," दुकानदार म्हणाला.

दोनच दिवसांत प्रेशर पंप आला. दिसायला म्हणाल तर मोठ्याशा कलिंगडाएवढा. नळ उघडला की तो आपण होऊन सुरू होतो, नळ मिटला की आपण होऊन थांबतो. बटण दाबायला नको की काही नको. प्लंबरने परसदारच्या भिंतीत चार खिळे ठोकून लोखंडी घोडी बसवली, घोडीवर पंप आवळला, टाकीकडून येणारा पाइप त्याच्या तोंडात दिला आणि शेपटीकडून निघालेला पाइप भिंतीला पट्ट्या मारून पार स्वयंपाकघरापर्यंत नेला. पहिल्या दिवशी घरात उत्सव झाला. शॉवरखाली धाकटी अर्धा तास उभी राहिली. वॉशिंग मशीन गोल गोल फिरले. मीही, खोटे कशाला बोला, बेसिनचा नळ उगाच दोनतीनदा सोडून पाहिला.

रात्री साडेदहाला सौ. शेवटचे भांडे विसळायला उठली आणि तेव्हा आम्हाला कळले की आपण काय आणून ठेवले आहे.

दिवसाच्या गलबल्यात तो आवाज लपला होता. रात्री तो एकटाच होता. आधी 'ठक्' असा एक हिसका, मग भिंतीच्या आत कोणी जाते फिरवावे तशी घरघर, त्या घरघरीत खडे टाकून हलवावेत तसा खडखडाट, आणि नळ मिटला की पाइपाच्या टोकापासून टोकापर्यंत धावत जाणारा एक धक्का. त्यातून नळ बारीक सोडला तर आणखीच मजा. घर्र, बंद, घर्र, बंद, घर्र, बंद. उचकी लागलेल्या माणसासारखे.

आमच्या घरची माणसे झोपेची नाजूक आहेत असे कृपा करून समजू नका. मीटरगेजची गाडी पहाटे शिट्टी मारत जाई तेव्हाही आम्ही घोरत असू. २००८ साली इथली लाइन ब्रॉडगेज झाली, तेव्हाही त्या नव्या गाड्यांनी आमचे काही वाकडे केले नाही. पण बाहेरचा आवाज वेगळा आणि उशाखालचा आवाज वेगळा. पंपाच्या भिंतीपलीकडे आईची खोली आहे. त्या खोलीत आई आणि बारावीचा अभ्यास करणारी आमची धाकटी, अशा दोघी झोपतात. आईचा पलंग त्याच भिंतीला लागून.

मी प्लंबरला बोलावले. त्याने कान देऊन पंप ऐकला, समाधानाने मान हलवली आणि म्हणाला, "मशीन हाय थे सर, आवाज त येणारच. होते सवय."

सवय व्हायची वाट न पाहता मी उपाय सुरू केले. इतिहासाच्या मास्तराने यंत्राला हात लावला की काय होते, याचे वर्णन मी थोडक्यात आटोपतो. पहिल्यांदा मी पंपाला गोणपाट गुंडाळले. आवाज होता तसाच राहिला. मग जुन्या पेटीला आतून गादीचा कापूस लावून ती पेटी पंपावर पालथी घातली. परसदारी उभे राहिले तर आवाज खरोखरच कमी झाला होता. मोठ्या ऐटीत मी आईच्या खोलीत आलो तर तिथे घरघर पहिल्याइतकीच. शिवाय तिसऱ्या दिवशी पंप त्या रजईत इतका तापला की त्याने स्वतःच वीज तोडून घेतली आणि तासभर तो काही केल्या उठेना. सौ.च्या डोक्याला शाम्पू लागलेला होता. त्यानंतर जे संभाषण झाले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

रात्री पंप बंदच ठेवावा, हा विचार आम्हालाही सुचला होता. पण प्लंबरने पंप असा वाटेत बसवला होता की तो बंद असला म्हणजे नळाला करंगळीएवढीही धार येत नसे. दोन रात्री तो प्रयोग करून तिसऱ्या रात्री आम्ही बटण पुन्हा चालू केले.

आई काहीच बोलली नाही. तक्रार करणे हे तिच्या स्वभावातच नाही. फक्त एकदा, मकरसंक्रांतीच्या सुमारास, तिने मला जवळ बसवून घेतले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बाबू, एक सांगू का तुले? रागावू नको. तू साखर तपासून घे."

"का ग? मला काय झालं?"

"रात्रभर उठून राह्यला तू. दर दहा मिनिटाले पाणी सोडते कोणी तरी. पोरगी म्हणू, त थे माह्याजवळ झोपते. तुह्या मोठ्या काकालेही असंच होत होतं."

मी रात्री एकदाही उठत नव्हतो. तसे मी तिला सांगितले. तिने 'बरं' म्हटले, पण तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसले. म्हाताऱ्या माणसाला रात्री काहीबाही ऐकू येते, असे मी सौ.ला म्हणालो. तरीही आईच्या समाधानासाठी उपाशीपोटी जाऊन साखर तपासून आलो. ती ठीक निघाली. आई म्हणाली, "देवाची कृपा." आणि विषय तिथेच राहिला.

मे महिना आला. वऱ्हाडातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. एके सकाळी तुळशीला पाणी घालता घालता आई मटकन् खाली बसली. डोळे उघडे, पण आम्ही कोण हे क्षणभर तिला ओळखू येईना. अंग तापाने फणफणलेले. रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले, लघवी तपासायला पाठवली, सलाईन लावले. अंगातले पाणी फार कमी झाले आहे आणि त्यातून लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झाला आहे, असे निघाले.

"आजी, पाणी किती पिता दिवसातून?" डॉक्टरांनी विचारले.

"पिते की," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. लहानपणी शाळेत खोटे बोलताना आम्ही जसे बघायचो, तसे ते बघणे होते.

धाकटी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "नाही पीत ती. चार वाजताच्या चहानंतर घोटभरसुद्धा पाणी घेत नाही."

"का ग?"

"रात्री उठावं लागतं म्हणून. उठलं की पंप वाजतो. मी नुकतीच झोपलेली असते ना."

घरी आल्यावर मी न्हाणीघरात गेलो. कोपऱ्यात झाकण घातलेली एक बादली होती, वर पालथा घातलेला तांब्या. ती बादली मी कितीतरी महिने तिथे बघत होतो. कुंड्यांना घालायला पाणी ठेवले असेल, असे मी धरून चाललो होतो. आई ती रोज संध्याकाळी, घरात सगळा वापर चालू असताना, पंपाच्या आवाजात आवाज मिसळून भरून ठेवायची. रात्री उठलेच तर नळाला हात न लावता, दिवाही न लावता, अंधारात वाकून बादलीतून तांब्याने पाणी घ्यायची. वाकले की तिचे गुडघे दुखतात. तेव्हा उठायचाच प्रसंग येऊ नये म्हणून तिने पाणी पिणे सोडले. ब्याऐंशी वर्षांची बाई भर वैशाखात संध्याकाळपासून सकाळपर्यंत तहानलेली पडून राहत होती, आणि मी पेटीला कापूस लावत होतो.

तिची प्रकृती पाहायला मेहुणे आले ते चौथ्या दिवशी. मुंबईहून समृद्धी महामार्गाने, एका दमात. बरोबर आंब्यांच्या दोन पेट्या. मेहुणे म्हणजे सौ.चे थोरले बंधू. मला ते जावईबापू म्हणतात आणि त्या संबोधनातला आदर आणि चेष्टा यांचे प्रमाण दर वेळी बदलते. पंपाचा विषय मी त्यांच्याकडे काढला नव्हता. एक तर मला लाज वाटत होती. दुसरे, जहाजावरच्या माणसाला घरचा नळ काय सांगायचा?

रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली. परसदारी उजेड हलत होता. चोर समजून मी काठी घेतली. बाहेर पाहतो तर मेहुणे स्टुलावर बसलेले, एका हातात बॅटरी, दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे नजर.

"बसा जावईबापू," ते म्हणाले, "आणि बोलू नका."

मी बसलो. कितीतरी वेळ काही नाही. मग पंप आपण होऊन 'घर्र' झाला आणि लगेच थांबला.

"अकरा मिनिटं," मेहुणे म्हणाले. "दर अकरा मिनिटांनी दोन सेकंद. घरात कोण उठलंय?"

"कोणी नाही."

"मग पाणी कुठे जातंय?"

माझ्या अंगावर काटा आला. आई म्हणत होती ते खरे होते. तिने फक्त चोर चुकीचा धरला होता.

सकाळी मेहुण्यांनी सौ.कडे कपड्यांना घालायची नीळ मागितली. ती त्यांनी संडासाच्या फ्लशच्या टाकीत चमचाभर ओतली आणि अर्धा तास कोणी तिकडे फिरकायचे नाही असा हुकूम सोडला. अर्ध्या तासाने जाऊन पाहतो तर भांड्याच्या पांढऱ्या उतारावर केसासारखी निळी रेघ उतरत होती. टाकीच्या तळाचे रबर क्षारांनी दगडासारखे झाले होते. पाणी त्याच्या कडेने आवाज न करता झिरपत होते. पाइपातला दाब हळूहळू उतरे, पंपाला वाटे की कोणी नळ सोडला, आणि तो दोन सेकंद धावून दाब पुरा करी. मेहुण्यांनी टाकीचा नळ बंद करून माप लावले. दिवसाला दोन बादल्या. जी बाई रात्री एक तांब्या पाणी प्यायला धजत नव्हती, तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडून एकबुर्जीचे दोन बादल्या पाणी रोज गटारात चालले होते.

नव्या रबराला फार पैसे पडले नाहीत. "आधी चोर धरायचा," मेहुणे म्हणाले, "मग कुत्र्याला गप्प करायचं. तुम्ही उलटं करत होतात."

त्या दिवशी दुपारी, आंब्याच्या रसावर हात मारल्यानंतर, त्यांनी आम्हाला आगबोटीचे प्रकरण सांगितले. मोठ्या जहाजावर शेपन्नास माणसांना गोडे पाणी पुरवणारा पंप खाली इंजिनाच्या खोलीत असतो. तिथल्या गडगडाटात त्याची दखल कोण घेणार? खरी परीक्षा होते ती लहान शिडाच्या नावेवर. निवृत्त झाल्यावर एका मित्राच्या तशा नावेवर मेहुणे काही दिवस राहिले होते. तिथे निजायची फळी आणि पाण्याचा पंप यांच्यामध्ये एका प्लायवुडचे अंतर. रबराचा पडदा मागेपुढे हलवून पाणी ढकलणारा बारा व्होल्टचा चिमुकला पंप. पण एकाने रात्री चूळ भरली की बाकीचे तिघे उठून बसत.

"नावेत झोपणारा माणूस म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यात झोपणारा माणूस," ते म्हणाले. "तार केवढीशी? तिचा आवाज केवढा? पण भोपळ्याला जोडली की मैफल भरते. तुमचा पंप ही तार, आणि आईंची भिंत हा भोपळा. तुम्ही तारेवर गोणपाट टाकलंत. आवाज हवेतून जातच नव्हता, जावईबापू. तो घोडीतून, खिळ्यांतून आणि त्या पट्ट्या मारलेल्या पाइपातून चालत चालत जात होता."

नावेवर म्हणे दुसरीही एक गोष्ट असते. रात्री कोणी उठलेले नसताना पंप वाजला तर झाडून सगळे जागे होतात. कारण गोडे पाणी मोजके, आणि ते कुठेतरी सांडत असल्याची ती वर्दी असते. आमच्या गावात आणि त्या नावेत तसा फारसा फरक नाही, असे माझ्या मनात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या परसदाराची गोदी झाली. भिंतीतली घोडी उपटली. जमिनीवर ट्रकच्या जुन्या टायरचा चौकोनी तुकडा, त्यावर दोन माणसांनी उचलून आणलेली जाड शहाबादी फरशी आणि फरशीवर पंप, त्याच्या पायांखाली पुन्हा रबराच्या चकत्या. बोल्ट आवळताना मी जोर लावायला गेलो तर मेहुण्यांनी हात धरला. रबर चेपून टाकले तर ते रबर राहत नाही, त्याचे लाकूड होते. जड फरशी पंपाला हलू देत नाही आणि खालचा टायर फरशीची थरथर जमिनीला कळू देत नाही, अशी ती योजना. मग पंपाच्या दोन्ही अंगांना कडक पाइपाऐवजी हातहातभर लांबीची, जाळीची रबरी नळी बसवली. तीही ताणून नाही. जरा सैल, वळण घेऊन. भिंतीवरच्या पट्ट्या काढून प्रत्येकीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.

खडे हलवल्यासारखा खडखडाट होता, त्याचे कारण वेगळेच निघाले. पंपाचे तोंड एक इंचाचे आणि त्याला पाणी पाजणारा पाइप अर्ध्या इंचाचा, तोही चार ठिकाणी काटकोनात वळवलेला. पंप मागेल तितके पाणी त्याला मिळत नव्हते. ओढाताण अशी की पाण्यातच वाफेचे बुडबुडे धरत आणि पुढे जाऊन फुटत; त्या फुटण्याचा तो आवाज. असे वर्षानुवर्षे चालले तर आतला पंखा कुरतडला जातो म्हणे. पाइप बदलला, चारातले दोन कोपरे काढले आणि खडखडाट गेला. प्लंबरही आला होता. त्याने हे सारे मनापासून पाहिले, आणि जाताना म्हणाला, "पुढच्या घरी असंच बसवतो, सर." माणूस वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पण खरी गंमत पुढे आहे. अकोल्याहून मेहुण्यांनी एक लाल रंगाची टाकी मागवली, चोवीस लिटरची, आडवी. आत रबराची पिशवी. पिशवीत पाणी आणि पिशवीबाहेर हवा. मोठ्या जहाजांवर याचाच थोरला भाऊ असतो, त्याला हायड्रोफोर म्हणतात. पाणी दाबले तर दबत नाही, हवा दबते. पंप पाणी भरतो तशी हवा स्प्रिंगसारखी चेपत जाते; पुढे पंप थांबला तरी तीच हवा पाण्याला नळापर्यंत ढकलत राहते. आमचा पंप दाब वीसवर आला की सुरू होतो, चाळीसवर थांबतो. म्हणून टाकीतली हवा दोन कमी, म्हणजे अठरा ठेवायची, आणि तीही टाकी पाण्याने रिकामी असताना. ती टाकी स्कूटरवर पुढे घेऊन मी पंक्चरच्या दुकानात गेलो. पोराने टाकीकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"किती टाकू?"

"अठरा."

"अठरा? काका, सायकलीतही तीस टाकतो मी."

"अठराच," मी इंजिनिअरच्या थाटात म्हणालो.

संध्याकाळी टाकी जोडली. मेहुण्यांनी पंप चालवून दाब भरू दिला, मग घरचे मुख्य बटणच बंद केले. दिवे गेले, पंखे थांबले. "आता नळ सोडा," ते म्हणाले. मी बादली लावून नळ सोडला. धो धो पाणी! पंप बंद, वीज बंद, आणि पाणी जोरात येत होते. बादली अर्धी भरली तेव्हा धार मंदावली. सातआठ लिटर तरी असेल.

आई दाराच्या चौकटीला टेकून सगळे पाहत होती. ती म्हणाली, "म्हणजे हा रांजण झाला, मामा. हवेचा."

मेहुण्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "आई, मला हेच सांगायला अर्धा तास लागला असता."

मग तिला आठवले. १९५९ साली लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते; वेगळा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता, आणि महाराष्ट्र राज्यही अजून व्हायचे होते. नळ नव्हता. परसदारी विहीर होती, जिथे आज अंगणातले टाके आहे तिथेच. सून म्हणून पहाटे चारला पाणी ओढायचे काम तिचे. विहिरीचे लोखंडी चाक असे कुरकुरे की ओसरीवर झोपलेले माझे आजोबा जागे होऊन खाकरायचे.

"मंग मी चाकाले जवसाचं तेल घालत होती," आई म्हणाली. "रोज रात्री, सगळे झोपल्यावर. अन् चाकाखाली जुनं लुगडं बांधलं. मामंजी सासूबाईले म्हणत, सूनबाई पाणी कधी भरते, समजतच नाही."

"मग तू आम्हाला का नाही सांगितलंस, पंपाचा त्रास होतो म्हणून?" मी विचारले.

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "सांगायचं काय त्यात? पोरीची परीक्षा होती."

परीक्षा होऊनही आता दिवस झाले होते, हे मी बोललो नाही.

मेहुण्यांनी जाण्यापूर्वी पंपाला वळसा घालून पाणी जाईल अशी एक बगलेची वाट करून दिली, मध्ये उलट न फिरणारा व्हॉल्व्ह बसवून. त्यामुळे वीज नसली तरी टाकीचे साधे पाणी नळाला येते. इतके सगळे करूनही पंप मुका झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वॉशिंग मशीन पाणी घेऊ लागले की परसदारी गुणगुण ऐकू येते. मेहुण्यांच्या मते तेवढी असावी. यंत्र अगदीच गप्प बसले तर ते बिघडल्याचे कळायचे कसे? दिवाळीला आणि अक्षय्यतृतीयेला टाकीतली हवा तपासायची, असे त्यांनी मला बजावले आहे. पंक्चरचा पोरगा आता मला पाहिले की लांबूनच "अठरा!" म्हणून ओरडतो.

ते गेले त्या रात्री मी मुद्दाम जागा राहिलो. एक वाजला, दीड वाजला. अकरा मिनिटे झाली, बावीस झाली, पंप काही बोलला नाही. दोनच्या सुमारास आईच्या खोलीत बांगड्या वाजल्या. दार सरकले. नळाची धार ऐकू आली, थोडा वेळ चालली आणि थांबली. भिंतीत काही नाही. नुसती धार. धाकटीने कूस बदलल्याचा सुद्धा आवाज नाही. मग पेला ठेवल्याचा एक बारीकसा टणत्कार झाला, आणि आई पलंगावर बसली.

सकाळी चहाच्या वेळी तिने मला विचारले, "बाबू, रात्री पंप बंद ठेवला होता का?"

"नाही. चालू होता."

"असं?" ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतू लागली.

बादली ती अजूनही संध्याकाळी भरून, झाकण घालून, वर तांब्या पालथा ठेवते. मी एकदोनदा सांगून पाहिले, मग सोडून दिले. तिच्या उशाशी मात्र आता पितळेचा दुसरा तांब्या असतो, पिण्याच्या पाण्याचा. तो धाकटी रात्री झोपताना काठोकाठ भरून ठेवते. सकाळी मी पेपर आणायला उठलो की जाता जाता त्यात डोकावतो. बहुतेक दिवशी तो रिकामा असतो.